दार उघडू नये म्हणून

माझ्या मेहुण्याच्या पोटात भिंत होती. थापा मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण ही भिंत माझी नव्हे, डॉक्टरीणबाईंची. स्वादुपिंडातली कॅन्सरची गाठ म्हणे स्वतःभोवती चिवट कवच उभारते आणि औषधाला आत शिरूच देत नाही. म्हणून केमोच्या जोडीला, कवच सैल करणारं चाचणीतलं नवं औषध दिलं.

मेहुणा हाडाचा गवंडी. म्हणाला, "जन्मभर भिंती मी बांधल्या, ही कोण फुकटात बांधून गेला?"

नंतरच्या स्कॅनमध्ये गाठ होती तेवढीच. "स्कॅनला भिंत दिसते, आत कुणी जिवंत आहे का ते दिसत नाही," बाई म्हणाल्या. "उघडूनच बघू. गाठीनं आवळलेली मोठी शीर अजून सोडली नसेल, तर तसेच टाके घालून लवकर बाहेर येऊ. जितका उशीर, तितकं बरं."

झालं! बाकीचे नातेवाईक ऑपरेशन थिएटरचं दार कधी उघडतंय म्हणून बघत होते, आणि माझ्या धाकट्या बहिणीनं त्याला नजरेनंच कडी घातलेली.

"दादा, काहीतरी बोल."

"तुझ्या नवऱ्यानं एकदा इतकी गुळगुळीत भिंत बांधली, की पाल चढेना. शेवटी तिनं शिडी मागितली."

"मग?"

"मग शिडीही घसरली."

ती हसली नाही. पण मी थांबलो की पिशवीच्या बंदाला पीळ घालू लागायची. मी पालीला पुन्हा पाडलं, आणि तेवढ्यात दार उघडलं. माझी थाप अर्ध्यातच अडली. वॉर्डबॉयनं हाक मारली ती दुसऱ्याच कुणाला.

"मधेच कशाला थांबलास?" बहीण माझ्यावरच खेकसली.

मग मी पालीचं लग्न लावलं, सासू आणली, घशाला कोरड पाडून घेतली. पुन्हा दार. नर्स. आणि हाक आमचीच.

"आणखी रक्त लागणार आहे."

बहिणीची नखं माझ्या दंडात रुतली. "म्हणजे... टाके नाही घातले?"

"टाके कुठले! गाठ शिरेपासून सोडवताहेत. बराच वेळ जाईल."

"सुटतेय?"

"ते बाईच सांगतील."

बहिणीनं बाही वर सरकवली. "माझं घ्या. ह्याचं नको, रक्तातही थापा असतील."

"अहो, रक्तपेढीत आहे. कुणीतरी आणा फक्त."

मी उठलो. नर्स उंबऱ्यातच आणखी काही सांगायला लागली, तर बहिणीनं तिला चक्क आत ढकललं.

"ते नंतर. आधी दार लावा."