हललेला फोटो

आघाडीवर जायच्या दिवशी सूर्यभानने माशाच्या काचेच्या पेटीवर बोट टेकवलं आणि बायकोला म्हणाला, "लंके, हिला सांभाळ. ही हाय तवर मी हाय."

तो चेष्टेनं बोलला होता. पण मी दारात उभी राहून ऐकत होते.

"अभद्र बोलू नये घरात," मी म्हणाले. "वास्तू तथास्तु म्हनत असती."

"आई, वास्तूला मराठी कळत आसंल तर मला बढती दे म्हन," असं म्हणून तो हसला, ट्रंक उचलली आणि गेला. तो माझा एकुलता एक. लष्करात रणगाडा चालवायचा. भिंगारच्या छावणीतल्या बाजारामागे आम्ही भाड्याने राहत होतो, मी आणि माझी सून लंका. पेटी एका साहेबाने बदली होऊन जाताना त्याला दिली होती. आतले मासे एकेक करून मेले आणि शेवटी एक राहिला. नारिंगी रंगाचा, लुगड्याच्या निऱ्यांसारख्या शेपटीचा. सूर्यभान त्याला राणी म्हणायचा.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई पेटली. रात्री दिवे बंद. आम्ही खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवला. शेजारच्या रेडिओवर बातम्या लागल्या की लंका चुलीपुढून उठायची आणि भिंतीला कान लावून उभी राहायची. मला बातम्या ऐकवत नसत. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली तरी हातातलं पीठ खाली सांडायचं, कारण तारवाला सायकलवरूनच येत असे.

अशात त्याचं पत्र आलं. पत्र लढाईच्या आधी लिहिलेलं होतं. इथे कुणाला खरं वाटत नाही की मी मासा पाळलाय, राणीचा फोटो काढून पाठवा, असं लिहिलं होतं.

लंकेने पत्र वाचलं आणि पेटीकडे पाहिलं. मीही पाहिलं. राणी तळाशी एका अंगावर कलली होती. तीन-चार दिवसांपासून ती तशीच होती. आम्ही दोघींनी बघितलं होतं आणि दोघींनीही तोंडातून शब्द काढला नव्हता.

"थंडी हाय," लंका म्हणाली.

"व्हय, थंडीच हाय," मी म्हणाले.

फोटो पाठवला नाही तर त्याला संशय येणार. कललेल्या माशाचा पाठवला तर तो काय समजायचं ते समजणार. तोफांपुढे रणगाडा हाकणाऱ्या माणसाच्या मनात असलं काही शिरू नये. मासा सरळ दिसेल, जिवंत दिसेल असा फोटो हवा होता, आणि तो लवकर हवा होता.

बाजारात गिदोनचा स्टुडिओ होता. चांगला माणूस, रविवारी चर्चमध्ये बाजाची पेटी वाजवायचा. आमचं ऐकून त्याने चष्मा पुसला.

"मावशी, मी वरातीचे फोटो काढले, मयताचे काढले. माशाचा नाही काढला. त्याला हनुवटी वर करा म्हणून सांगायची सोय नाही."

लंका हसली नाही. मग त्यानेही चेष्टा सोडली आणि कपाटातले कॅमेरे एकेक करून टेबलावर मांडले. तीन पायांच्या घोडीवरचा मोठा लाकडी कॅमेरा त्याने जागेवरूनच बाद केला, तो उचलायला हमाल लागला असता. दुसरा दोन डोळ्यांचा होता.

"ह्यात वरच्या भिंगातून आपण बघतो आणि फोटो खालचं भिंग काढतं," तो म्हणाला. "माणूस लांब असला तर फरक पडत नाही. जवळ गेलं की फसगत होते. नवशिके लग्नात जवळून फोटो काढतात आणि धुवून बघतात तर नवरदेवाचं मुंडकंच उडालेलं."

लंकेने हाताने तो कॅमेरा मागे सारला. "त्यो नगं," ती म्हणाली. "त्यो आत ठिवा, गिदोनभाऊ."

त्याने तो आत ठेवला. तिसरा कॅमेरा लहान होता. त्याचं भिंग फिरवून काढता यायचं आणि दुसरं बसवता यायचं. त्यातून जे दिसेल तेच फोटोत उतरतं, असं त्याने सांगितलं. आधी त्याने वीतभर लांब नळीसारखं भिंग लावलं.

"हे लावलं तर लांब उभं राहता येईल, मासा बुजणार नाही. पण पाच फुटांच्या आतलं ह्याला स्पष्ट दिसत नाही, आणि तेवढ्या लांबून तुमची राणी चिंचोक्याएवढी येईल. शिवाय हे धूड घेऊन छावणीच्या रस्त्याने निघालो तर हेर म्हणून मलाच आत टाकतील." हे शेवटचं तो हसत बोलला, पण बोलताना त्याने रस्त्याकडे एकदा बघून घेतलं.

मग त्याने नेहमीचं आखूड भिंग घेतलं आणि भिंग व कॅमेरा यांच्यामध्ये एक पोकळ कडं बसवलं. कड्यामुळे अगदी जवळचं स्पष्ट दिसू लागतं. त्याने मला त्यातून लंकेच्या बांगडीकडे बघायला लावलं. बांगडीवरचा टवका नाण्याएवढा दिसला. हेच भिंग ठरलं.

उरला उजेड. गिदोनने फ्लॅशचा बल्ब काढला. लंकेने विचारलं, "त्या उजेडानं मासा मरंल का?"

"मरत नाही. दचकेल फक्त."

"दचकून मेला तर?"

गिदोन बल्ब हातात फिरवत राहिला. माझ्या मनात आलं, हा म्हणाला की काही होत नाही, आणि बल्ब चमकला, आणि राणी उलटी झाली, तर ही पोरगी जन्मभर त्या चमकण्याकडेच बघत बसेल. आणि तार आली तर? गिदोनच्याही मनात तेच आलं असावं. त्याने बल्ब खोक्यात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिदोन तो लहान कॅमेरा धोतराच्या फडक्यात गुंडाळून घरी आला. आम्ही खिडकीचा काळा कागद काढून पेटी उजेडात सरकवली. त्याचा पांढरा सदरा काचेत दिसू लागला, म्हणून मी त्याला माझी काळी घोंगडी पांघरायला दिली. सोबत आणलेल्या लहान घोडीवर कॅमेरा लावून तो आतून बोलत होता.

"भिंगाचं तोंड सगळं उघडलं तर डोळा तेवढा स्पष्ट येईल, बाकीचा मासा धुरकट. तोंड बारीक केलं तर सगळा मासा स्पष्ट, पण मग कॅमेऱ्याला बघायला वेळ लागतो. तेवढा वेळ ती हलता कामा नये."

"ती कुठं हलतीया," लंका हळूच म्हणाली.

खरंच हलत नव्हती. तळाशी कललेली, कल्ले तेवढे उघडमीट करत होते. त्याने एक फोटो काढला. मग आणखी एक काढायला बटणावर बोट ठेवलं, आणि तेवढ्यात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला.

भरदुपारी. सराव असेल नाहीतर खरं असेल, आम्हाला कुणी सांगणार नव्हतं. लंकेने मागच्या बाजूने दोन्ही हातांनी पेटीला मिठी मारली. मी तिच्यावर ओणवी झाले. बाहेर लोक पळत होते, कुणीतरी "रतन, पोरांना घे!" म्हणून ओरडत होतं. पाणी हिंदकळलं. राणी एकदम सरळ झाली, शेपटीचा फटकारा मारून वर आली आणि पुन्हा खाली गेली. गिदोन घोंगडीत तसाच उभा होता, बोट बटणावरच. विमान आलं नाही. भोंगा थांबला.

दोन दिवसांनी तो दोन फोटो घेऊन आला. पहिला देताना त्याला अभिमान वाटत होता. खवला न् खवला दिसत होता. "आणि हा दुसरा टाकून द्या," तो म्हणाला. "भोंग्याच्या दचक्यात बटण दाबलं गेलं. हललेला आहे."

मी पहिला फोटो हातात घेतला आणि लगेच पालथा ठेवला. आमच्या घरात असाच एक फोटो होता, सूर्यभानच्या वडिलांचा. ते गेल्यावर काढलेला. खुर्चीत बसवून, मागून धरून. मिशीचा केस न् केस स्पष्ट, कारण काहीच हलत नव्हतं. माशाला तर पापणीही नसते. ह्या फोटोवरून तो जिवंत आहे की नाही हे कुणालाच सांगता आलं नसतं.

दुसऱ्या फोटोत मासा सरळ होता. तोंड थोडं धूसर, आणि शेपटीच्या जागी नुसता धुरासारखा लोट.

"हाच पाठवायचा," मी म्हणाले.

"मावशी, माझ्या स्टुडिओचं नाव जाईल."

"जाऊ दे नाव. मेलेलं हलत न्हाई, गिदोन."

लंकेने माझ्याकडे बघितलं. हे असं उघड बोलणं आमच्यात पहिल्यांदाच झालं होतं. तिने तो फोटो पाकिटात घातला आणि त्याच दुपारी टपालात टाकला.

त्यानंतर एका सकाळी मी आधी उठले. राणी पाण्यावर आडवी तरंगत होती. लंका अजून झोपेत होती. मी ओंजळीने राणीला काढलं, परसात पुरलं आणि पेटीवर टॉवेल टाकला. लंका उठल्यावर म्हणाले, "लई गारठा हाय. झाकून ठिवली."

"बरं केलंत, आत्याबाई," ती म्हणाली.

मग ती रोज टॉवेलाचा कोपरा उचलायची, आत न बघता चिमूटभर खाणं टाकायची आणि कोपरा खाली सोडायची. मी भाकरी थापत असायचे. तिच्याकडे बघायची माझी छाती होत नव्हती.

लढाई थांबली. बाजारात पेढे वाटले. पण लढाई थांबल्यावरही आमच्या मागच्या आळीत एक तार आली, आणि ते रडणं आम्ही रात्रभर ऐकलं. लंका खाणं टाकतच राहिली. खोलीत कुबट वास यायला लागला होता.

आणि मग कार्ड आलं. सूर्यभानच्याच अक्षरात. मी सुखरूप आहे, थंडी फार आहे, लोकरीचे मोजे पाठवा. वर तारीख होती, लढाई थांबल्यानंतरची. फोटो मिळाला की नाही, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

लंकेने कार्ड दोनदा वाचलं, तारीख मला बोटाने दाखवली. मग उठून तिने टॉवेल काढला. पाणी गढूळ झालं होतं, वर खाण्याची साय धरली होती. मासा कुठे गेला, हे तिने विचारलं नाही.

"आत्याबाई, त्या बाजूनं धरा," ती म्हणाली.

दोघींनी मिळून पेटी उचलली, मोरीपर्यंत नेली आणि रिकामी केली.