चाळीस दारं

नथ्थूला आयुष्यात कधी कुणाला 'नाही' म्हणता आलं नव्हतं. शेजाऱ्याने ऐन पेरणीत नांगर मागितला, याने दिला. पाव्हण्याला खाट दिली आणि स्वतः जमिनीवर झोपला. गाव त्याला भला माणूस म्हणायचं, आणि तेवढ्यावरच गडी हुरळून जायचा.

असा माणूस हट्टाला पेटला तो एका बैलापायी. रंग कोशाच्या रेशमी धाग्यासारखा, म्हणून नाव कोसा. गाय व्यायली आणि मेली, तेव्हा नथ्थूच्या बायकोने, चंदाने, त्याला बाटलीने दूध पाजून जगवलं. पुढची तीन वर्षं दोघांनी त्याला जवसाच्या पेंडीची ढेप, धानाचा कोंडा आणि हिरवा चारा मोजूनमापून घातला, नांगराला एकदाही जुंपलं नाही. पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी अहेरीत जनावरांचं प्रदर्शन होतं. तिथे कोशाचा पहिला नंबर यावा, एवढंच दोघांच्या डोक्यात होतं. दर अमावास्येला नथ्थू त्याच्या पोटाभोवती सुतळी गुंडाळायचा आणि वाढ दिसली की नवी गाठ मारायचा.

पोळ्याच्या सकाळी शिंगं रंगवताना चंदा म्हणाली, "यंदा त्याले घरोघरी नका फिरवू. डॉक्टरनं सांगतलं होतं, पोळ्या न् भात जास्त झाला का जनावर जाते. आपल्या घरची एक पोळी चारू न् बांधून ठेवू."

"नाई!" नथ्थू खेकसला. "गाव वाट पाहून राह्यलं. लोकं काय म्हणतीन?"

चंदा पुन्हा शिंगं रंगवू लागली.

तोरण तुटून पोळा फुटला तसा नथ्थू कोशाला घेऊन दारोदार निघाला. बाया त्याचे पाय धुवायच्या, कुंकू लावायच्या, पुरणपोळी पुढे करायच्या. तीन घरांनंतर थांबायला हवं, हे नथ्थूलाही कळत होतं. पण शेजारच्या सुगंधाबाईने पोळीवर भाताचा ढीग रचून आणला. "प्रदर्शनाचा बैल हाये, खाऊ द्या ना भाऊ!" शेजारणीला नाही कसं म्हणायचं? आणि तिच्याकडे खाल्लं, तर पुढचं दार कसं टाळायचं? अशी चाळीस घरं झाली.

घरी आल्यावर चंदाने आपली पोळी पुढे केली. कोशाने तोंड फिरवलं. नथ्थूने सुतळी गुंडाळली, तर जुनी गाठ चांगली चार बोटं मागे राहिली. "पाह्य, कसा भरला!" म्हणत त्याने हसत हसत नवी गाठ मारली. चंदा काही हसली नाही.

सकाळी कोसा उठलाच नाही. रवंथ बंद, डावी कूस ढोलासारखी ताणलेली. डॉक्टर दुपारी आले. त्यांनी नळी घातली, औषध पाजलं आणि शेवटी मान खाली घालून हात धुतले. ऊन कलायच्या आत कोसा गेला. त्याच्या शिंगांचा रंग अजून बोटाला लागत होता.

मग एकेक बाई दारात येऊन गेली. "आमी तं एकच पोळी देल्ली होती," प्रत्येकीचं हेच म्हणणं, आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं. नथ्थूला साऱ्या गावाचा संताप आला, पण तो काढायचा कुणावर, ते त्याला कळेना.

सगळे गेल्यावर तो सुतळी हातात घेऊन बसून राहिला. "चंदा," तो म्हणाला, "म्या एखाद्या घरी तरी नाई म्हणायले पाह्यजे होतं."

चंदा कोशाच्या गळ्यातली घुंगुरमाळ सोडवत होती. वर न पाहता ती म्हणाली, "म्हटलं ना तुमी. आपल्याच घरी म्हटलं."