रोपांची दाई
आस्ता डॅनिश वनशब्दांचा इंग्रजी कोश करत होती. एका शब्दावर अडली, तशी ती युटलंडला टॉर्किलकडे आली. आई गेल्यावर या सावत्र बापानेच तिला एकट्याने वाढवलं होतं. जंगलात राबलेला टॉर्किल तिला ओकच्या रोपांपाशी घेऊन गेला.

"भोवतीची ही उंच झाडं म्हणजे रोपांच्या दाया. इंग्रज त्यांना नर्स म्हणतात."

"नर्स तर इंजेक्शन देते, बाबा!"

"ही थंडीवाऱ्यापासून जपते. रोपं मोठी झाली की तिला तोडतात."

आस्ताचा हात थांबला. "हे शेवटचं मी लिहिणार नाही."

"अगं, अर्थ अर्धा राहील. आणि मी काय झाड आहे?"

तिने नाक ओढत लिहिलं, पण घरी पोचेपर्यंत त्याचा दंड सोडला नाही.