बंद घरांची यादी

वर्गात तिला सगळे 'दशांश' म्हणत. कुणी वेळ विचारली तर 'पावणेपाच' असं मोघम सांगणं तिच्या जिवावर यायचं. ती 'चार त्रेचाळीस' सांगायची. अशी मुलगी सरकारी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकायला आली यात नवल काहीच नव्हतं. नवल एवढंच, की शेवटच्या वर्षाचा प्रकल्प जमा करायला तीन दिवस उरले असताना हिचा चक्क तयार होता. बाकीचे तहान लागल्यावर विहीर खणायला निघाले होते.

घाईला कारण होतं. सांख्यिकी कार्यालयातल्या नोकरीसाठी तिची निवड झाली होती आणि अट एकच, याच सत्राचा निकाल हातात हवा. सत्र हुकलं की जागा दुसऱ्याची.

विषय तिने स्वतःच निवडला होता: शाळकरी मुलं रोज घरात किती वेळ एकटी असतात. शाळकरी मुलं असलेल्या घरांची यादी घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी संगणकाने त्यातली दोनशे चाळीस घरं काढून दिली, आणि ही महिनाभर दुपारचे तास आटोपले की फॉर्म घेऊन दारोदार फिरली. घर बंद असेल तर पुन्हा जा, तीनदा जा, पण शेजारी जाऊ नका, असं प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी फळ्यावर लिहून दिलं होतं. वर्गाने ते वहीत उतरवून घेतलं आणि वहीतच ठेवलं. दशांशचंही तेच झालं. ऊन मी म्हणत होतं, आणि कुलूप दिसलं की शेजारची बाई आपणहून दारात येऊन 'कोण हवंय?' विचारायची, पाणी द्यायची. तिच्याकडेही मुलं असायचीच. अशा त्रेपन्न बंद घरांच्या जागी दशांशने त्रेपन्न शेजारघरं लिहिली. त्यातला एक आकडाही खोटा नव्हता, त्यामुळे मनाला काही टोचलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आई इस्पितळाच्या धुलाईखात्यातून आली आणि गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली. दशांशने उत्साहाने प्रकल्प तिच्यापुढे धरला.

"सरासरी अडतीस मिनिटं! म्हणजे आपल्या शहरातली मुलं फारशी एकटी नसतात."

"अडतीस?" आई हसली. "कुठल्या राजाची गं ही पोरं?"

"अगं, दोनशे चाळीस घरं फिरले मी."

"फिरली असशील. पण माझं मेलीचं गणित कच्चं. तू पहिलीत होतीस तेव्हा कामाच्या मधल्या सुट्टीत धावत येऊन तुला शाळेतून आणायची, दोन घास भरवायची, बाहेरून कुलूप लावायची आणि परत कामावर. दार वाजलं तरी ओ द्यायची नाही, हे तुला शपथ घालून सांगितलेलं. तेव्हा तुझ्यासारखी कुणी फॉर्म घेऊन आली असती, तर आपलं काय लिहिलं असतं?"

"काही नाही," दशांश म्हणाली. "शेजारच्या काकूंचं लिहिलं असतं."

बोलून गेली आणि तिने हातातला प्रकल्प मिटला. आईला काही कळलं नाही. तिने बादलीतून पाय काढले आणि पंचा मागितला. दशांशने तो दिला. जी घरं मोजायला ती निघाली होती, नेमकी तीच गाळून ती परत आली होती. आपण असं करावं, कुलपाच्या आत बसलेल्या मुलीनेच करावं, याची तिला विलक्षण शरम वाटली.

शनिवारी सकाळी मॅडम सही करायला पेन उघडून बसल्या होत्या. दशांशने उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं.

"मला कळलं नसतं हे," त्या म्हणाल्या.

"हो."

"परीक्षकांनाही कळलं नसतं. तिथे बारकाईने वाचायला कुणाला वेळ आहे? सोमवारपर्यंत त्रेपन्न घरं होणार नाहीत तुझ्याच्याने. ती जागा जाईल, ठाऊक आहे ना? आता तूच सांग, सही करू?"

दशांशच्या डोळ्यांसमोर नेमणुकीचं पत्र आलं, मग पत्र वाचून दाखवल्यावर शेजारणींना हाका मारणारी आई आली.

"नको, मॅडम."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मग ड्रॉवरमधून कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा काढून तिच्यापुढे सरकवला. "सातनंतर जा," एवढंच म्हणाल्या. बाहेर जिन्यात बसून दशांश मनसोक्त रडली. मग तोंड धुऊन तिने बंद घरांची यादी काढली.

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी यादीतल्या पहिल्या घराचं दार उघडं होतं. शिवणकामाच्या कारखान्यातून नुकतीच परतलेली बाई कुलूप हातात घेऊनच उभी होती. तिच्यामागे सात-आठ वर्षांची मुलगी होती. दशांशने प्रश्न विचारला, तशी ती बाई चाचरत बोलू लागली.

"फार वेळ नाही हो. मीच येऊन शाळेतून आणते हिला..."

"बारा पन्नासला आई कुलूप लावते," मुलगी मध्येच म्हणाली. "सातला काढते." मग तिने दशांशकडे निरखून पाहिलं. "तुम्ही मागे पण आला होतात. दार वाजवलंत. मी फटीतून बघत होते. मग तुम्ही शेजारी गेलात."

"हाक का नाही मारलीस गं?"

"ओ द्यायची नाही."

बाई खाली बघत राहिली. "ताई, हे कुणाला कळवणार नाही ना?"

"नाव लिहीत नाही मी," दशांश म्हणाली. "आणि माझी आईसुद्धा अशीच कुलूप लावायची. मीही आत असायचे."

बाईने मान वर केली आणि तिला आत बसायला सांगितलं.

दशांशने मांडीवर फॉर्म घेतला. बारा पन्नास ते सात, तीनशे सत्तर मिनिटं. मिनिटांसाठी तिने फॉर्मवर दोनच चौकोन छापले होते, एका चौकोनात एक आकडा. दोनशे चाळीस घरांना ते पुरले होते. तिने पेनाने शेजारी तिसरा चौकोन काढला.