पेपर नसलेली सकाळ

"दार पाहत जाय गा, प्रेमा. पेपर त कोनीबी टाकते. दार काय म्हनते, थे आयकता आलं पायजे."

देवरावांचा हा आवाज बत्तीस वर्षांपूर्वी प्रेमानंदच्या कानी पडला आणि तिथेच वस्तीला राहिला. कडबी चौकातल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून, अंकांत पुरवण्या भरता भरता म्हातारा बोलला होता. पुढच्याच महिन्यात त्याने आपली लाइन, म्हणजे रोज पेपर टाकायची ठरलेली घरं, प्रेमानंदच्या हवाली केली. निघताना सायकलच्या सीटवर दोनदा थाप मारली, जशी बैलाच्या पाठीवर मारतात.

आज प्रेमानंदला ती लाइन पुढे द्यायची होती.

सव्वीस जानेवारीला छापखान्याला सुटी, म्हणून सत्तावीसला पेपर नाही. अशा सकाळी वर्षातून चार-पाचच. तरी साडेचारला डोळा उघडलाच.

"आज त झोपा," अंथरुणातून बायको, नीला, म्हणाली. "पेपर नाही, काही नाही, काहून उठून राहिले?"

"काजलले घरं दाखवाची आहेत. एक तारखेपासून लाइन तिची."

नीला उठली. त्याच्या उजव्या गुडघ्याला तेल चोळता चोळता हळूच म्हणाली, "अन् मनोहररावले आज सांगता का?"

"पाहू."

"अकरा वर्षं पाहूनच राहिले तुमी."

त्याने मफलर गुंडाळला, कानटोपी चढवली आणि इंदोऱ्याच्या गल्लीतून सायकल बाहेर काढली. मागचं कॅरियर रिकामं होतं. ओझं नसलेली सायकल त्याला परक्याची वाटली.

काजल चौकात मोपेडवर बसून वाट पाहत होती. तिशीची बाई, याच भागात दुधाच्या पिशव्या टाकायची. "काका, दूध अन् पेपर संगमंगच टाकीन," असं तिनंच सुचवलं होतं.

"हे पाय," पहिल्या घराशी थांबून प्रेमानंद म्हणाला, "इथं कुंडीच्या मांगं ठेवाचा. नाहीतर शेजारचा आधी उचलते."

"वाचू द्या ना बिचाऱ्याले!"

"वाचते थे ठीक आहे वं. शब्दकोडं सोडवून ठेवते थो. मंग घरधनी दिवसभर माह्या नावानं बोंबलते."

काजल खळखळून हसली. समोरच्या ओसरीवरून एक कुत्रा गुरगुरला.

"हा वाघ्या. मोठा दिसते, पन सायकलच्या घंटीले भेते. तू हॉर्न वाजवू नको, थो घर सोडून पयीन."

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीखाली थांबून त्याने हातवारे करून दाखवलं: घडी अशी, मनगट असं, आणि पेपर कठड्याला न लागता आत. हातात काहीच नव्हतं, तरी काजलची नजर वर गेली आणि गॅलरीत जाऊन पडली.

"काका, खरं सांगा," ती म्हणाली. "या लाइनीत तुमाले भेटलं काय? लोकं म्हन्तेत, झोप गेली अन् गुडघे गेले."

प्रेमानंद सायकल हातात धरून चालू लागला. जे गेलं ते खरंच होतं. कुणाच्या लग्नाला मुक्कामी राहणं बत्तीस वर्षांत जमलं नाही. लेकीच्या, भावनाच्या, जन्माच्या पहाटेही तो दोन घरं उरली होती म्हणून उशिरा पोचला. लॉकडाऊननंतर अर्धी घरं मोबाइलवर गेली, ती परत आली नाहीत.

"सकाळ भेटली वं," तो म्हणाला. "लोकं उठतेत तवा ती वापरलेली असते. मले कोरी भेटली, रोज."

आणखी पुष्कळ होतं, पण ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. शाईचा ओला वास. आठवीत सुटलेलं वाचन चौकातल्या दिव्याखाली पुन्हा हाती आलं, ते. थंडीत कुणीतरी फाटकावर कागदात ठेवलेली तिळाची वडी, जिच्यावर कुणाचं नाव नव्हतं. भावना नर्स झाली, ती याच लाइनीच्या पुण्याईवर. आणि आई. ती होती तोवर चुलीपुढे बसून आपल्याच मनचं काहीबाही जोडून गायची:

*पहाटंच्या पारामंदी लेक निंगाला कामाले,*
*जगाची देते खबर, सांगेना आपली कोनाले.*

तेव्हा तो हसायचा. गेली अकरा वर्षं हसू येत नव्हतं.

लाइनीतलं शेवटचं घर मनोहररावांचं. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला, बायको गेल्यावर एकटा राहणारा माणूस. मुलगी वैभवी पुण्याला.

अकरा वर्षांपूर्वीच्या एका रविवारी प्रेमानंदने या फाटकाशी सायकल थांबवली, तेव्हा शनिवारचा पेपर ओसरीत तसाच पडलेला होता. मनोहरराव गावाला गेले की आधी सांगून जायचे. या वेळी सांगितलं नव्हतं. दार बोलत होतं. पण त्या दिवशी गठ्ठे तासभर उशिरा आले होते, पुढे सत्तर घरं होती. फाटकाच्या कडीला त्याने हात लावला. मग सावनेरला बहिणीकडे गेले असतील असं स्वतःलाच सांगितलं, शनिवारच्या पेपरवर रविवारचा टाकला आणि निघून गेला.

सोमवारी दोन्ही पेपर तिथेच होते. दार आतून लावलेलं, तेव्हा तो मागची भिंत चढून आत उतरला. मनोहरराव न्हाणीघरात पडले होते, खुबा मोडलेला. हाताशी बादली होती, तिच्यातल्या पाण्यावर दोन दिवस काढलेले. दवाखान्यात डॉक्टर सहज बोलून गेले, "एक दिवस आधी आणलं असतं तर पाय इतका आखडला नसता."

सगळ्या मोहल्ल्याने प्रेमानंदला डोक्यावर घेतलं. वैभवी फोनवर रडली. भावनाच्या नर्सिंगच्या प्रवेशाला मनोहरराव काठी टेकत स्वतः कॉलेजात गेले आणि तिथल्या बाबूंना सांगू लागले, "हिच्या बापानं मले वाचवलं." तेव्हापासून प्रेमानंद त्यांचा पेपर टाकत नसे. कडी वाजवून हातात देई. त्या घराला रोज शेवटचं ठेवी, म्हणजे तिथं घाई नसे.

आज फाटक उघडंच होतं. मनोहरराव ओसरीत खुर्चीवर बसले होते, गुडघ्यांवर शाल.

"पेपर नाही, हे ठाऊक आहे मले," ते म्हणाले. "तरी जाग येतेच. ही कोन?"

"काजल. एक तारखेपासून हीच येईन, साहेब. माहे गुडघे आता आयकत नाहीत."

म्हातारा काजलकडे वळला. "हातात देशीन का वं पेपर? मले वाकता येत नाही."

"देईन ना आजोबा. दुधासंगंच देईन."

"बाजूचं वरचं घर राहिलं, जाऊन ये बरं," प्रेमानंद तिला म्हणाला. "जिना कसा आहे थे पाहून घे."

ती वर गेली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावर विरेपर्यंत प्रेमानंद उभाच राहिला. कानटोपी काढून त्याने दोन्ही हातांत धरली.

"साहेब, एक गोष्ट सांगाची आहे. मी तुमाले सोमवारी काढलं. पन रविवारीच मले पेपर दिसला होता. शनिवारचा. पडलेला दिसला, तरी मी निंगून गेलो. घाई होती. तुमचा पाय माह्यामुळं गेला."

ओसरीवर पहिलं ऊन आलं होतं. मनोहररावांनी शाल सरळ केली.

"मले ठाऊक आहे," ते म्हणाले.

प्रेमानंदने मान वर केली.

"सायकल थांबलेली मी आयकली होती गा. कडी हालली. हाक मारली, पन रातभर ओरडून घसा बसला होता, आवाजच निंगाला नाही. मंग पेपर पडला. पेपरावर पेपर पडला का त्याचा आवाज येगळा असते, थे तवा समजलं."

"अन् अकरा वर्षं तुमी बोलले नाही?"

"बोललो असतो त तू लाइन सोडून पयाला असता. मंग मले पेपर कोनं देल्ला असता?" ते किंचित हसले. मग हसू गेलं. "राग आला होता, खोटं काहून सांगू? सांजपर्यंत तुह्या सात पिढ्या काढल्या म्या."

प्रेमानंद खाली पायरीवर बसला. मनोहररावांनी काठी बाजूला ठेवली आणि त्याच्या खांद्यावर हात टेकला, उठायचं असल्यासारखा. पण उठले नाहीत.

"मंग अंधार पडला. वाटलं, आता जीव सोडून द्यावा. पन खापरखेड्यात तेहतीस वर्षं रातपाळ्या केल्या, प्रेमानंद. बदलीचा मानूस आल्याबिगर रातपाळीवाला जागा सोडत नाही. अन् सोमवारी सहाले धा मिनटं कमी असतांनी तू येशीनच, हे मले पक्कं ठाऊक होतं. म्हनून थांबलो गा मी."