मेणकागदातल्या पिना

"कागद कुठे टाकलेस?"

"कुठले कागद?"

"अनघा, या पिनांवर कागद होते. मेणाचे. प्रत्येक पुडक्याला चिठ्ठी बांधलेली होती."

मी ओट्याशी वल्लरीसाठी सफरचंद किसत होते. निशिकांत जेवणाच्या टेबलापाशी गुडघ्यांवर बसला होता आणि त्याच्या पुढ्यात, आमच्या जुन्या टॉवेलवर, चोवीस पिना ओळीने चकाकत होत्या. खरं सांगायचं तर तो खूश होईल असं मला वाटलं होतं. आदल्या संध्याकाळी त्याने एक खोका आणून टेबलाखाली सरकवला, 'सोमवारी नेतो' एवढंच म्हणाला आणि अंघोळीला गेला. शनिवारी सकाळी तो भाजीला खाली उतरला आणि मी वळून बघते तर दहा महिन्यांची वल्लरी खोक्यापाशी बसलेली, ओठ काळे, मुठीत ग्रीसने माखलेला कागद. मी आधी तिचं तोंड धुतलं. जीभ बाहेर काढून बघितली, नखं बघितली. मग रागारागाने सगळा खोका सिंकमध्ये रिकामा केला. भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, कढत पाणी. गंज धरू नये म्हणून एकेक पीन हेअरड्रायरने वाळवली.

"कचऱ्यात टाकले," मी म्हटलं. "तिने तोंडात घातले होते ते. घरात ठेवायचे होते का?"

कचऱ्यात म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीतलं झाकण उघडून खाली. अकराव्या मजल्यावरून सोडलेली पिशवी पुढे कुठे जाते, हे सिंगापूरच्या या सेंगकांग भागात राहायला आल्यापासून मी कधी विचारलं नव्हतं. निशिकांत अनवाणीच खाली धावला. वीस मिनिटांनी वर आला. कचऱ्याची गाडी येऊन गेली होती.

निशिकांतबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. चिपळूणचा. सात वर्षं जहाजांवर इंजिनरूममध्ये काढली, लग्न ठरल्यावर समुद्र सोडला आणि सिंगापूरला एका छोट्या कंपनीत लागला. जगात कुठेतरी एखादं जुनं यंत्र बंद पडतं, त्याचा कारखाना केव्हाच मिटलेला असतो. त्याचे सुटे भाग हुडकून द्यायचे, हे त्याचं काम. दिवसभर मेल आणि फोन. बढती नाही, ऑफिसच्या पार्टीच्या फोटोत तो नेहमी कडेला. सहा वर्षांत त्याचं नाव कुणी मोठ्याने घेतलेलं मी ऐकलं नाही.

या पिना बर्फावर चालणाऱ्या एका गाडीच्या. पन्नासेक वर्षांपूर्वीची, चाकांऐवजी रणगाड्यासारख्या लोखंडी साखळ्यांवर चालणारी. नॉर्वेतल्या एका संग्रहालयाला ती पुन्हा खऱ्या बर्फावर चालवायची होती. साखळीचे तुकडे एकमेकांत अडकवतात ते या बोटभर जाडीच्या पिनांनी. साधी पीन कडाक्याच्या थंडीत काचेसारखी मोडते. त्या कारखान्याने पोलाद वेगळं वापरलं होतं. पण वरून बघून काही कळत नाही. पिनेवर ना नाव, ना नंबर. जे काही असतं ते वेष्टनावर: कारखान्याचा शिक्का, साल, तपासणाऱ्याची सही. सील संग्रहालयाच्या माणसानेच फोडायचं, असं करारात लिहिलेलं होतं.

निशिकांत सात महिने शोधत होता. शेवटी सिंगापूरच्याच टोकाला, तुआसच्या एका गोदामात, दक्षिण ध्रुवाकडे सामान नेणाऱ्या कुठल्याशा मोडीत निघालेल्या जहाजाच्या मालात, त्याला ही पुडकी मिळाली. ज्या गावात कधी स्वेटर लागत नाही, तिथे.

"फोटो असतील ना तुझ्याकडे?" मी विचारलं.

"फोटो आहेत. सील नाही."

"मग ऑफिसात ठेवायचं सोडून हा खोका घरी कशाला आणलास? घरात रांगतं पोर आहे, माहीत नव्हतं?"

त्याने एक पीन उचलून पुन्हा ओळीत ठेवली. मग म्हणाला, "आमच्या मालकांनी, प्रतापरावांनी, मलेशियात जोहोरमधल्या एका लेथवाल्याकडून तशाच साठ पिना करून घेतल्यात. खऱ्या पुडक्यांत त्या भरल्या असत्या. म्हणून आणला."

"हे मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू जेवली असतीस?"

"म्हणजे आता माझ्या जेवणावर आलं."

"साबणाने, अनघा. हेअरड्रायरने."

त्याने हे इतक्या हळू म्हटलं की माझा संताप झाला. ओरडला असता तर मला रडता तरी आलं असतं. दिवसभर आम्ही एकमेकांशी वल्लरीमार्फत बोललो. बाबांना सांग, वरण गरम आहे. आईला सांग, बाबांना भूक नाही.

मी काय करत होते? हिशेब मांडत होते. त्याचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, मार्चमध्ये संपत होता. त्याच्या पासवर माझा, त्याच्याच पासवर वल्लरीचा. नोकरी गेली तर तीस दिवसांत देश सोडायचा. वल्लरीची लस राहिली होती, पाळणाघराचा नंबर नुकताच लागला होता. ही यादी मी मनात रोज म्हणायची, इतर बायका स्तोत्र म्हणतात तशी.

रविवारी सकाळी निशिकांत वल्लरीला झोपाळ्यावर घेऊन गेला आणि मी प्रतापला फोन केला. सगळं सांगितलं. पिना खऱ्या आहेत, चूक माझी आहे, काही मार्ग काढा.

तो तासाभरात दारात. हातात बोलणारा ससा. पोट दाबलं की ससा इंग्रजीत 'आय लव्ह यू' म्हणत होता.

"वहिनी, बदाम खा बदाम," तो सोफ्यावर बसत म्हणाला. "ग्रीस काढायला बायकोला घरी ठेवतात होय रे, निशिकांत? मला सांगायचंस, आपण कामाला माणूस दिला असता."

निशिकांत वल्लरीला कडेवर घेऊन आत येत होता. त्याने प्रतापकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू बोलावलंस?"

"हो."

त्याने वल्लरीला माझ्याकडे दिलं आणि खुर्ची ओढून बसला.

"हे बघ," प्रताप म्हणाला, "रडण्यासारखं काहीच नाहीये. तुझ्याकडे चिठ्ठ्यांचे फोटो आहेत. छापून घेऊ. चहाच्या पाण्यात बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, पन्नास वर्षं जुन्या. मेणकागद मुस्तफाच्या दुकानातसुद्धा मिळेल."

"आणि सील?"

"सील पण होतं. हे सगळं मी आज करतोय का?"

"त्याच्यात तुमच्या साठ घालणार."

"मग? वहिनींनी तर माझं निम्मं काम केलंय. आता तुझ्या चोवीस आणि माझ्या साठ, सगळ्या चकाचक. कोण ओळखतो? संग्रहालयाचा तो म्हातारा मेकॅनिक तुझ्याच शब्दावर चालतो. सात महिने काय प्रेमपत्रं लिहिलीत तुम्ही एकमेकांना. तुझी सही झाली की माल हलला."

मी मध्ये पडले. "निशी, निदान या चोवीसपुरतं तरी कर ना. त्या खऱ्याच आहेत. खोटं काय आहे त्यात?"

"कागद," तो म्हणाला.

"कागदाने गाडी चालते का?"

प्रताप हसला. "वहिनींना कळतं, तुला कळत नाही. मार्चात रिन्यूअल आहे हे तरी कळतंय का?"

निशिकांत उठला, लॅपटॉप आणला आणि आमच्या दोघांच्या समोर मेल लिहायला बसला. मी मागे उभी राहून वाचत होते. वल्लरी खाली सशाचं पोट दाबत होती. त्याने हाल्वोरला, म्हणजे त्या म्हाताऱ्या मेकॅनिकला, सरळ लिहिलं: पिना मिळाल्या होत्या. वेष्टन आणि सील माझ्या घरी, माझ्या हातून नष्ट झालं. मोजमापं आणि फोटो जोडले आहेत. या मूळच्याच आहेत अशी माझी खात्री आहे, पण ते सिद्ध करता येणार नाही. आमच्या कंपनीकडून दुसऱ्या कुठल्याही पिना आल्या, तर त्यांना माझी सही नाही.

'माझ्या हातून' या शब्दांवर माझी नजर अडली. मी त्याच्या खांद्याला हात लावायला गेले, तर त्याने खांदा काढून घेतला.

"पाठवलंस तर उद्या येऊ नकोस," प्रताप म्हणाला. आता आवाजात मस्करी नव्हती.

निशिकांतने बटण दाबलं.

प्रतापने उठून खोका काखेत मारला. माल कंपनीचा होता, अडवणार कसं? "मुलीच्या तोंडाकडे बघून तरी," असं काहीसं मला म्हणाला आणि गेला. दार मीच लावलं. मग मी निशिकांतला जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. त्याच्या आईपर्यंत गेले. तो ऐकत होता. एकदाच म्हणाला, "सात महिने खरं शोधलं. आता त्यावर खोटं चिकटवू?" आणि पाणी प्यायला आत गेला.

मंगळवारी हाल्वोरचं उत्तर आलं. मला वाटलं होतं, त्या माणसाला काहीतरी वाटेल, तो दोन चांगले शब्द लिहील. चार ओळी. समितीच्या नियमाप्रमाणे पिना घेता येत नाहीत. तुमच्या कंपनीशी यापुढे व्यवहार नाही. गाडी दालनात दोऱ्या लावून उभी राहील. तळाशी, पिनेच्या डोक्याचा व्यास पुन्हा एकदा कळवाल का, आमच्याकडचं चित्र फाटलं आहे. निशिकांतने वही काढली, आकडा पाहिला, कळवला. मग लॅपटॉप मिटला.

पुढच्या सोमवारी पास परत करायला आम्ही तिघं ऑफिसात गेलो. प्रताप काचेपलीकडे फोनवर होता. मान वळवली नाही. लिन नावाची मुलगी तिथली कागदपत्रं बघते. तिने फॉर्म पुढे केला. सगळं टाईप केलेलं होतं: नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख. नोकरी सोडण्याचं कारण, राजीनामा, वैयक्तिक.

निशिकांतने ती ओळ वाचली. "मी राजीनामा दिलेला नाही," तो इंग्रजीत म्हणाला.

"रिझाइन बेटर, लाह," लिन खालच्या आवाजात म्हणाली. काचेकडे बघून तिने सांगितलं की हे तिनेच घातलंय. काढून टाकलं असं लिहिलं की पुढची कंपनी विचारते, पासचा अर्ज अडतो. तिची तेवढी भलाई होती. त्या सगळ्या आठवड्यात आम्हाला कुणी दाखवलेली तेवढीच.

"थँक्यू," तो म्हणाला. "पण मला काढलंय."

लिनने माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी बायका बायकांकडे बघतात, हिने तरी समजवावं म्हणून. माझ्या तोंडाशी आलंही होतं. तीस दिवस, लस, पाळणाघर, सगळी यादी. त्याचा शर्ट मी इस्त्री केला नव्हता, तो तसाच घालून आला होता. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तो उभा होता. घाई नव्हती, रागही नव्हता.

मी वल्लरीला दुसऱ्या कडेवर घेतलं, पर्स उघडली आणि त्याला पेन दिलं.

त्याने राजीनाम्यावर एक सरळ रेघ मारली, वर 'कंपनीने काढले' असं इंग्रजीत लिहिलं आणि बाजूला सही केली. लिनने फॉर्म घेतला, ड्रॉवरमधून कात्री काढली. त्याच्या पासचं कार्ड, माझं कार्ड. तिसरं वल्लरीचं. त्यातला फोटो ती दोन महिन्यांची असतानाचा. मान धरत नव्हती तेव्हा, म्हणून मागून निशिकांतने हात लावला होता. त्याची दोन बोटं कानामागे दिसत होती. लिनने ते कार्ड जरा जपून, कडेने कापलं.