पहिली सुई कुणाची

"अण्णा, तुम्ही कुठल्या दंडावर टोचून घेतलंत? डाव्या की उजव्या?"

भर सभेत उभं राहून विनोदिनीनं विचारलं, आणि मागच्या ओळीत कल्याणीनं हसू दाबायला वेणीचं टोक तोंडात धरलं. पैजच तशी लागली होती. विनूनं हा प्रश्न विचारला तर तिच्या वाटणीचं शाळा झाडायचं काम आठवडाभर कल्याणी करणार. नाही विचारला, तर तिचे अण्णा म्हणजे नुसता भोंगा आहेत, हे विनूनं वर्गासमोर कबूल करायचं. विनू असल्या पैजेला भिणारी नव्हती. अण्णा बाही वर सारतील, दंड दाखवतील आणि कल्याणीचं नाक सगळ्यांदेखत कापलं जाईल, याची तिला पक्की खात्री होती.

शाळा म्हणजे तरी काय, तट्ट्यांची एक लांबलचक शेड. गावात प्लेगचे उंदीर पडायला लागले तसं निम्मं बेळगाव घरांना कुलपं लावून टिळकवाडीच्या पलीकडच्या माळावर राहायला आलं होतं. वकील-मास्तरांच्या झोपड्यांवर पत्रे होते, अनगोळच्या शेतकऱ्यांच्या झोपड्यांवर कडबा होता, आणि मधोमध ही शाळा. विनूचे वडील उपेंद्रराव म्हणजे वकील, म्युनिसिपालिटीचे मेंबर आणि या माळावरच्या कमिटीचे अध्यक्ष. सेवा करता करता पुढारपण कसं शिकता येतं, हे मुलींना सांगायला बाईंनी त्यांना बोलावलं होतं.

बोलले पण झकास. मानमोडीच्या तापाच्या साथीत गल्लीत तिरडीला खांदा द्यायला माणूस मिळेना, तेव्हा आपण कसे एकटे पुढे झालो, हे त्यांनी सांगितलं तेव्हा दोन-तीन मुलींनी डोळे पुसले. पुढाऱ्यानं हुकूम सोडून घरी जाऊ नये म्हणाले, काम पुरं होईपर्यंत तिथं उभं राहावं. नाही म्हणायचं तर शिपायाच्या तोंडून नाही म्हणू नये. पंगतीत वाढणाऱ्यानं शेवटी बसावं. मुली लिहून घेत होत्या. विनूला सगळं तोंडपाठ होतं. अण्णांच्या आधी अर्धं वाक्य ती ओठातल्या ओठात म्हणून टाकत होती, आणि तिची मान अशी ताठ झाली होती की बाजूची पोरगी म्हणाली, अगं, मोडेल.

आणि आता अण्णा नुसते तिच्याकडं बघत होते.

मग ते हसले. "बाळ, पुढाऱ्याचा दंड बघायचा नसतो, त्याचं काम बघायचं असतं."

बाईंनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. विनूनंही हात उचलले. ते तसेच राहिले. वकिलाच्या घरात वाढलेल्या मुलीला उत्तर देणं आणि उत्तर टाळणं यातला फरक कळतो.

तट्ट्याच्या बाहेर दुधाची चरवी घेऊन अनगोळची मालुबाई उभी होती. वकिलांच्या झोपड्यांना तीच दूध घालायची. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. चरवी डोक्यावर घेतली आणि चालू लागली.

विनूला धास्ती वाटली ती त्या पाठमोऱ्या चरवीची.

कारण टोचणी सुरू झाली त्या दिवशी टेबलापुढं पहिली उभी होती ती विनू. अण्णांनीच तिचा हात धरून पुढं आणलं होतं आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल असं म्हणाले होते, ही माझी मुलगी, हिच्यापासून सुरुवात. सुई दाभणासारखी दिसत होती. विनूनं डोळे मिटून घेतले, पण ती रडली नाही. मग त्या सुईनं सगळ्या पत्र्याच्या झोपड्या तापानं फणफणल्या. हेडमास्तर कण्हत पडले, विनूचा दंड दुधीभोपळ्यासारखा सुजला. अण्णा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी काठी फिरवत माळभर हिंडत होते. ते बघूनच कल्याणीच्या डोक्यात किडा वळवळला होता. माझ्या अण्णांचं शरीर लोखंडाचं आहे, असं विनूनं तिला ठणकावलं होतं.

इतक्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण अनगोळच्या बायका टोचून घ्यायला येईनात, तेव्हा विनू बाही वर सारून त्यांच्या झोपड्यांत गेली. भाषण ठोकलं. माझ्या अण्णांनी सगळ्यांच्या आधी घेतली, त्यांना काही झालं का, म्हणाली. बघितलेलं नव्हतं. पण अण्णा कसे आहेत हे बघायची काय गरज, असं तिला वाटलं. त्या शब्दावर मालुबाई तयार झाली, आणि मालुबाई तयार झाली म्हणून बाकीच्या. उद्या सकाळी त्यांची रांग लागायची होती. परवाच तिथल्या अक्काताईच्या काखेत गाठ आली होती आणि तिला दवाखान्यात नेलं होतं. उद्या त्या आल्या नाहीत तर पुढं कुणाच्या काखेत गाठ येईल, सांगता येत नव्हतं.

सभा सुटायच्या आधीच विनू पळाली. मागून कल्याणी. विहिरीच्या पलीकडं मालुबाईला गाठलं.

मालुबाई थांबली, पण चरवी खाली ठेवली नाही. "काय गं, आता कुणाचा दंड दावाय आलीस?"

विनूनं सांगायला सुरुवात केली की अण्णा चेष्टा करत होते, तसं काही नाही. सांगता सांगता तिलाच ते खरं वाटेना.

"मी दंड म्होरं करीना तर तुजा बा लई बोलला," मालुबाई म्हणाली. "आमी अडाणी, आमी भित्र्या, आमाला गावाची काळजी न्हाय. आन् सोता? आमी न्हाय येत जा उद्या."

कल्याणीनं मध्ये तोंड घातलं, की ताप दोन दिवसच असतो, एवढं काय भ्यायचं.

"तापाला कोण भितंय? तुमी पडला तर तुमाला पेज करून घालाय माणसं हाईत. माजा नवरा जांबोटीकडं लाकडं आणाय गेलाय. मी दोन दीस पडले तर म्हशीखालचं शेण कोण काढंल? माज्या पोराला, रवळूला, भाकरी कोण घालंल? तुजा बा?" मालुबाई जायला वळली. "ह्ये कुणी इचारलं न्हाय आमाला. आला तो भाषानच करून गेला."

त्या आलेल्यांत आपणही होतो, हे विनूच्या लक्षात आलं आणि तिचे कान तापले. परतताना कल्याणी सारखी म्हणत होती की पैज राहू दे, मी उगीच बोलले, रागावू नकोस गं. विनू तिच्यावर रागावलीच नव्हती. सगळा राग ती घरी नेत होती, एक थेंब न सांडता.

अण्णा झोपडीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. आई चूल पेटवत होती. विनूनं चपला न काढताच विचारलं, "घेतलीत की नाही?"

अण्णांनी आधी तिला सभेत असं विचारणं शोभतं का, यावर बरंच ऐकवलं. तिनं ते पूर्ण ऐकलं आणि पुन्हा तेच विचारलं. मग ते म्हणाले, की नाही, अजून नाही. सगळ्यांची झाल्यावर घेणार आहे. वाढणाऱ्यानं शेवटी बसायचं असतं, हे तुला माहीत आहे. मी दोन दिवस अंथरुणात पडलो असतो तर पाण्याची व्यवस्था कुणी बघितली असती? डॉक्टरांच्या टेबलापाशी कुणी उभं राहिलं असतं?

"ते जिलेबीचं झालं, अण्णा. जिलेबी शेवटी खायची. सुई पहिली घ्यायची असते."

"विने, तोंड सांभाळ."

"आणि माझा दंड कसा चालला? मला नेलंत ना ओढत पहिली?"

चुलीपाशी आई बोलली. फुंकणी खाली ठेवली आणि कुणाकडंच न बघता म्हणाली, "भीती वाटते त्यांना सुईची. इतकंच आहे ते. मला ताप चढला होता तेव्हा स्वयंपाक मीच केला, म्हणजे तापात व्यवस्था बघता येत नाही हे काही खरं नाही."

विनूला वाटलं होतं की खरं कळलं की राग उतरेल. तो दुप्पट झाला. भीती वाटली, तर वाटली म्हणायचं होतं. तिलाही वाटली होती. दातखीळ बसेल की काय इतकी वाटली होती. अण्णा टेबलापाशी उभे राहून म्हणाले असते, की बाबांनो, मला भीती वाटते पण मी घेतो, तर अनगोळच्या सगळ्या बायका पदर खोचून आल्या असत्या. हे तिनं त्यांना तोंडावर सांगितलं. आवाज एवढा चढला की शेजारच्या झोपडीतलं भांडी घासणं थांबलं.

"मानमोडीत तिरड्या उचलल्यात ना तुम्ही? ती खरी गोष्ट आहे की तीही भाषणापुरती?"

"खरी आहे," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "तेव्हाची वेळ वेगळी होती."

"वेळ नाही वेगळी. तेव्हा तुम्ही कुणी नव्हता. लोक बघताहेत, काय म्हणतील, हे डोक्यात नव्हतं, म्हणून पुढे गेलात. आता अध्यक्ष झालात आणि माझ्या मागे लपलात."

अण्णांचा चेहरा उतरला. कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस धोतराचा सोगा चाचपत बसला. विनूला क्षणभर वाईट वाटलं, पण क्षणभरच, कारण पुढं ते जे बोलले त्यानं तिचं डोकंच फिरलं. ते म्हणाले, झालं ते झालं. तू आत्ता मालुबाईकडं जा आणि सांग, अण्णांनी डाव्या दंडावर घेतली आहे, विचारून आले. तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे. आणि हे माझ्यासाठी नाही. त्या उद्या आल्या नाहीत आणि एखादी गेली, तर ते कुणाच्या माथी बसेल याचा विचार कर.

विचार तिनं केला. खरंच केला. दाराच्या मेढीला धरून उभी राहिली आणि पलीकडच्या कडब्याच्या झोपड्यांतून निघणारा धूर बघत राहिली. अण्णा यातलं एक बरोबर बोलत होते. बायका आल्या नाहीत तर मरतील. पण खोटं सांगून आणलं आणि मालुबाई दोन दिवस तापात एकटी पडली, म्हैस हंबरत राहिली, पोरगं उपाशी राहिलं, तर पुढच्या साथीला माळावरचं एक माणूस कुणाचं ऐकणार नाही. खऱ्याचंही नाही. शिवाय मालुबाईनं अडचण सांगितली होती ती शेणाची आणि भाकरीची. तिला उत्तर म्हणून अण्णांचा दंड काय कामाचा?

ती तशीच बाहेर पडली. मागून अण्णांनी हाक मारली, तिनं ओ दिली नाही. कल्याणीच्या झोपडीत गेली, तिथून आणखी दोघींच्या. बोलणं फार झालं नाही. एकीला भाकरी थापता येत होती, बाकीच्यांना येत नव्हती, त्यांनी शिकायचं ठरवलं. कल्याणीची आई नको म्हणाली, मग कल्याणी रडली, मग आई हो म्हणाली.

दिवेलागणीला विनू परत आली तेव्हा आईनं पानं मांडली होती. अण्णा पानावर बसले होते, जेवत नव्हते. विनू बसली नाही.

"मालुबाईला काय सांगितलंस?" अण्णांनी विचारलं.

"अजून काही नाही. आधी तुम्हाला सांगते." तिनं दाराच्या मेढीला पाठ लावली. "उद्या उजाडताच मी तिच्या झोपडीत जाणार. सगळ्या बायकांना सांगणार, की मी न बघता बोलले, ते खोटं होतं. अण्णांनी घेतलेली नाही, त्यांना भीती वाटते. मलाही वाटली होती, तरी मी घेतली आणि मी जिवंत आहे. ज्या येतील त्यांच्याबरोबर रांगेत चालणार आणि त्यांचा ताप उतरेपर्यंत तिथंच राहणार. आम्ही चौघी आहोत. शेण काढू, पाणी भरू, भाकरी करू."

"त्यांच्या चुलीवर?" आई म्हणाली. "आणि जेवायला कुठं येणार?"

"त्यांच्याकडंच जेवणार, आई. तू सोवळ्याचं काय करायचं ते नंतर कर, मी दारात उभी राहीन हवं तर." मग ती अण्णांकडं वळली. "तुम्ही रांगेत आलात तर बरं होईल. नाही आलात तरी मी जाणार आहे. आणि तुमच्या वतीनं मी आता कुणाला काही सांगणार नाही, अण्णा."